*ओढ्याचं पाणी, आपलीच विहीर : महिन्यातून दोनदा पंधरा मिनिटं द्या*



मागच्या पावसाळ्यात एका ओढ्यात सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले. कुणी म्हणालं कारखान्याचं पाणी, कुणी म्हणालं गावाचं गटार, कुणी म्हणालं फवारणी. दुपारी जोराचा पाऊस झाला आणि सगळं वाहून गेलं. खरं कारण कुणालाच सांगता आलं नाही, कारण आधी पाणी कसं होतं याची नोंद कुणाकडेच नव्हती. त्याच ओढ्याकाठच्या विहिरींवर आपलं ठिबक चालतं, जनावरं पितात. म्हणून हा संदेश शेवटपर्यंत वाचा.

*पाणी बिघडतं कसं?*

▪️ *खत :* युरिया, डीएपी आणि सांडपाणी ओढ्यात गेलं की शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तोच वापरतं. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. हेच शेवाळ आपल्या ठिबकच्या फिल्टरमध्ये अडकतं.

▪️ *औषध :* सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही औषधं माशांना अत्यंत विषारी आहेत. पंप ओढ्यात खळबळून धुतला तरी लहान डोहातले मासे मरू शकतात.

▪️ *नायट्रेट :* हे झिरपून विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापेक्षा जास्त असेल तर लहान बाळांना धोका. *पाणी उकळून नायट्रेट जात नाही,* उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं.

उजनीचं हिरवं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय किंवा ऐकलंय. भीमेतून शहरांचं सांडपाणी तिथे येतं, तसं शेतातलं खतही येतं. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं तर आधी आपला ओढा नीट हवा, आणि हातात नोंद हवी.

*नोंद कशी ठेवायची?*

प्रत्येक वस्तीवर दोघा-तिघांनी मिळून एक जागा ठरवा. *१ आणि १५ तारखेला, सकाळी ७ च्या आत,* त्याच जागी जा.

१) तारखेसह फोटो काढा. दर वेळी त्याच कोनातून.
२) रंग, वास, फेस लिहा. "बरं आहे" असं लिहू नका. "हिरवट, कुजका वास, फेस नाही" असं लिहा.
३) पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडा. किती फुटांवर दिसेनाशी होते ते लिहा. हे अंतर दर वेळी कमी होत असेल तर पाणी गढूळ किंवा हिरवं होत चाललंय.
४) मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत का? करत असतील तर प्राणवायू कमी पडतोय. त्याच दिवशी ग्रुपवर कळवा.
५) वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, विहिरीचं पाणी तपासा. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना पाणी तपासणी किटचं प्रशिक्षण दिलेलं आहे. आपल्या ग्रामपंचायतीत चौकशी करा.

खोल पाण्यात उतरू नका. काठावरूनच बघा.

*आपल्या हातात काय आहे?*

✅ औषधाची बाटली तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओता. मग बाटलीला भोक पाडा. ओढ्यात टाकू नका.
✅ पंप शेतातच धुवा, ओढा-विहिरीपासून लांब.
✅ जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर युरिया टाकू नका. पैसेही वाहून जातात.
✅ ओढ्याच्या काठाचा पट्टा नांगरू नका, गवत राहू द्या. माती आणि खत तिथेच अडकतं.

*मासे मेलेले दिसले तर*

❗ मासे खाऊ नका, जनावरं पाण्यावर नेऊ नका.
❗ लगेच फोटो, जागा, वेळ नोंदवा. ओढ्याला वर कुठून काय मिळतंय तेही बघा.
❗ सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला *त्याच दिवशी* कळवा. नमुना लवकर घेतला तरच उपयोग. पाणी कुणासाठी थांबत नाही.
❗ कुणा एकाचं नाव घेऊन ग्रुपवर भांडण नको. आधी नोंद, मग तक्रार.

सहा महिन्यांच्या बारा नोंदी हातात असल्या की ग्रामसभेत आपलं बोलणं कुणी उडवून लावू शकत नाही. एकट्याचा फोटो म्हणजे तक्रार, दहा जणांची वही म्हणजे पुरावा.

*आजचं काम :* आपल्या वस्तीवरून कोण बघणार, त्यांची नावं आणि ओढ्याची जागा आपल्या गटप्रमुखांना कळवा. पहिली नोंद येत्या १ तारखेला.

हा संदेश वस्तीच्या ग्रुपवर पुढे पाठवा. घरात वाचून दाखवा, पाणी भरणाऱ्या माउलींना ओढ्याचं जास्त माहीत असतं.

🙏 आपली शेतकरी उत्पादक कंपनी