हातात दोन राण्या, तरी पत्ते टाकायचे? टूर्नामेंट पोकरचं गणित समजून घ्या

टेक्सास होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. नंतर टेबलावर सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडले जातात. हातातले दोन्ही पत्ते सारखे आले, तर त्याला 'पॉकेट पेअर' म्हणतात. मग मोठी जोडी आली की सगळ्या चिप्स लावायच्या का?

एक्के असतील तर?

दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात. समोर एकच खेळाडू असेल आणि त्याच्याकडे कोणतेही पत्ते असतील, तर एक्के साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. समोर पाच जण शेवटपर्यंत राहिले तर हाच आकडा ५० टक्क्यांच्या खाली येतो. म्हणून सुरुवातीलाच बोली वाढवून गर्दी कमी करणं बरं.

राण्या आणि गुलाम अवघड का?

टेबलावर पहिले तीन पत्ते उघडले की त्यात राणीपेक्षा मोठा पत्ता असण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के असते. हातात गुलाम असतील तर त्यांच्याहून मोठा पत्ता येण्याची शक्यता ५७ टक्के.

टूर्नामेंटमध्ये काय बदलतं?

समजा, चार खेळाडू उरलेत आणि सगळ्यांकडे सारख्याच चिप्स आहेत. बक्षिसं तिघांनाच आहेत: ५०, ३० आणि २० हजार रुपये. म्हणजे प्रत्येकाच्या चिप्सची किंमत सरासरी २५ हजार. एकाला बाद करून चिप्स दुप्पट केल्या, तर ती किंमत ५० हजार होत नाही. 'आयसीएम' या प्रचलित हिशेबानुसार ती सुमारे ३८ हजार ३०० होते. हरलं तर मात्र हातात शून्य.

त्यामुळे ऑल-इनला कॉल करायला जिंकण्याची शक्यता किमान ६५ टक्के हवी. समोर एक्का-राजा असेल तर राण्या जिंकण्याची शक्यता साधारण ५५ टक्केच असते. म्हणजे जिंकण्याची शक्यता जास्त असूनही कॉल तोट्याचा ठरतो. समोरचा कोणत्याही पत्त्यांवर ऑल-इन करणारा असेल, तर मात्र राण्यांनी कॉल करणं योग्य.

मग करायचं काय?

अशा वेळी आधी स्वतः ऑल-इन केलं, तर हाच अवघड हिशेब समोरच्याला करावा लागतो. तो बहुतेक वेळा पत्ते टाकतो. एक्के असतील तर कॉल करायला हरकत नाही. राण्या आणि गुलामांच्या बाबतीत आधी विचारायचं: बक्षीस किती जवळ आहे आणि समोरचा कसा खेळतो?