लाओसच्या आकाशातील बिनगणवेशाचे वैमानिक

युद्ध म्हटले की गणवेश, ध्वज, युद्धघोषणा आणि विजयाची वा पराजयाची पत्रके डोळ्यांपुढे येतात. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असेही एक युद्ध लढले गेले, ज्यात महासत्तेच्या हवाई दलाचे वैमानिक गणवेश उतरवून, साध्या नागरी पोशाखात लढले आणि त्यांच्या सरकारने त्यांचे तेथील अस्तित्वच मान्य केले नाही. व्हिएतनामच्या शेजारच्या लाओस या चिमुकल्या, चहूबाजूंनी भूवेष्टित देशात हे युद्ध झाले. ते गुप्त का ठेवावे लागले आणि त्या गुप्ततेची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही प्रश्न आजही महत्त्वाचे आहेत.

या कथेची सुरुवात रणांगणावर नव्हे, तर जीनिव्हातील वाटाघाटींच्या टेबलावर होते. २३ जुलै १९६२ रोजी तेथे लाओसच्या तटस्थतेचा करार झाला. त्यावर स्वाक्षरी करणाऱ्या चौदा देशांत अमेरिका, सोव्हिएत संघ, चीन आणि उत्तर व्हिएतनाम यांच्याबरोबर भारतही होता. या परिषदेत व्ही. के. कृष्ण मेनन यांनी भारताची बाजू सांभाळली होती. लाओसमध्ये कोणतेही परकीय सैन्य राहू नये, हे कराराचे मुख्य सूत्र. त्याच्या पालनावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. पोलंड व कॅनडा हे अन्य सदस्य.

ठरलेल्या मुदतीत अमेरिकेचे सहाशेहून अधिक लष्करी सल्लागार आयोगाच्या तपासणी नाक्यांवरून बाहेर पडले. उत्तर व्हिएतनामचे मात्र केवळ ४० सैनिक नाके ओलांडताना मोजले गेले. उरलेले हजारो डोंगराळ सीमाभागात तसेच राहिले. कारण उघड होते. दक्षिण व्हिएतनामला रसद पोहोचवणारा हो चि मिन्ह मार्ग लाओसच्या पूर्व भागातूनच जात होता. कम्युनिस्ट पाथेट लाओ पक्षाच्या ताब्यातील प्रदेशात आयोगाला प्रवेश मिळत नव्हता आणि सदस्यांमध्ये एकमत होणेही दुरापास्त होते. साहजिकच करार कागदावर उरला. तो मोडल्याची कबुली देण्याची मात्र कोणाचीच तयारी नव्हती. उत्तर व्हिएतनाम आपले सैन्य तेथे नसल्याचे सांगत राहिले आणि अमेरिकेनेही तोच मार्ग पत्करला. पंतप्रधान सुवन्ना फूमा यांना अमेरिकी मदत हवी होती, पण तटस्थतेचा मुखवटाही टिकवायचा होता.

यातून एक विलक्षण व्यवस्था उभी राहिली. युद्धाची सूत्रे एखाद्या सेनापतीकडे नव्हे, तर व्हिएन्तिएनमधील अमेरिकी राजदूताकडे गेली. १९६४ ते १९६९ या काळात राजदूत असलेले विल्यम सलिव्हन हवाई हल्ल्यांच्या लक्ष्यांवर बारीक नजर ठेवत. जमिनीवर लढण्यासाठी सीआयएने ह्मोंग या डोंगरी जमातीतील तरुणांची फौज उभारली होती. तिचे नेतृत्व जनरल वांग पाओ यांच्याकडे होते. हलक्या शस्त्रांनिशी लढणाऱ्या या फौजेला उत्तर व्हिएतनामच्या कसलेल्या तुकड्यांसमोर टिकायचे, तर आकाशातून मदत मिळणे अपरिहार्य होते.

येथेच 'रेव्हन' वैमानिकांचा प्रवेश होतो. रेव्हन म्हणजे डोमकावळा. रेडिओवरील त्यांचे हे सांकेतिक नाव. त्यांचे काम होते फॉरवर्ड एअर कंट्रोलरचे. ते समजून घेतल्याशिवाय या युद्धाचे स्वरूप कळणार नाही. थायलंडमधील तळांवरून येणारी जेट विमाने इतक्या वेगाने जात, की घनदाट जंगलातील शत्रू कोणता आणि मित्र कोणता हे त्यांच्या वैमानिकाला दिसणे अशक्यच. म्हणून एक हळू चालणारे, हलके टेहळणी विमान आधी खाली उतरे. त्याचा वैमानिक उघड्या डोळ्यांनी लक्ष्य शोधी, त्यावर पांढऱ्या फॉस्फरसचे रॉकेट सोडी आणि धुराचा लोट वर आला, की 'धुराच्या उत्तरेला पन्नास मीटरवर टाका' अशा सूचना जेट वैमानिकांना देई. मागच्या आसनावर बहुधा लाओ वा ह्मोंग सहकारी असे. जमिनीवरील तुकड्यांशी त्यांच्या भाषेत बोलणे आणि लक्ष्याला संमती देणे ही त्याची जबाबदारी.

या कामासाठी व्हिएतनाममध्ये अनुभव घेतलेले अमेरिकी हवाई दलाचे वैमानिक स्वेच्छेने पुढे येत. 'स्टीव्ह कॅन्यन प्रोग्राम' असे या योजनेचे नाव होते. निवड झालेला वैमानिक थायलंडमधील उडोर्न तळावर येई, आपला गणवेश व लष्करी चिन्हे मागे ठेवी आणि साधा सदरा व जीन्स घालून लाओसमध्ये दाखल होई. विमानांवरही अमेरिकी चिन्ह नसे. व्हिएन्तिएन, लुआंग प्रबांग, सवन्नाखेत, पाक्से आणि लाँग टिएंग या पाच ठिकाणांहून १९६६ पासून १९७३ पर्यंत हे वैमानिक उडत राहिले. महिन्याला शंभराहून अधिक तास उड्डाण हा त्यांचा नित्यक्रम होता. खालून बंदुकीची गोळीही पोहोचेल इतक्या उंचीवर तासन्‌तास घिरट्या घालण्याची किंमत जबर होती. वीसहून अधिक रेव्हन जिवंत परतले नाहीत.

डोंगरांनी वेढलेले लाँग टिएंग हे वांग पाओंचे मुख्यालय. गजबजलेल्या धावपट्टीमुळे हे ठिकाण लाओसमधील सर्वाधिक वर्दळीच्या विमानतळांपैकी एक बनले, तरी ते उघडपणे मान्य केले जात नव्हते. येथूनच ह्मोंग वैमानिकही टी-२८ विमाने घेऊन उडत. त्यांतील सर्वांत विख्यात ली लू हा मूळचा शिक्षक. अमेरिकी वैमानिक ठरावीक मुदतीनंतर मायदेशी परतत. ली लूला तशी मुदतच नव्हती. हजारो उड्डाणांनंतर जुलै १९६९ मध्ये तो विमानासह कोसळला. दोघांचे युद्ध एकच असले, तरी दोघांचा धोका सारखा नव्हता, हे यातून स्पष्ट होते.

अशी लपवाछपवी केवळ अमेरिकेनेच केली असे नाही. कोरियन युद्धात नोव्हेंबर १९५० पासून सोव्हिएत वैमानिक मिग-१५ विमाने घेऊन अमेरिकी विमानांशी लढत होते. त्यांना चिनी गणवेश देण्यात आला होता आणि रेडिओवर रशियन न बोलण्याचा हुकूम होता. ऐन झुंजीत तो पाळणे अशक्य ठरले आणि अमेरिकी यंत्रणांना सत्य कळले. तरीही वॉशिंग्टनने जाहीर वाच्यता टाळली, कारण तसे केल्यास सोव्हिएत संघाशी थेट युद्ध करण्याचा दबाव वाढला असता. म्हणजे अशी गुपिते अनेकदा दोन्ही शत्रूंच्या मूक संमतीने टिकतात. युद्ध पसरू नये म्हणून पाळलेले मौन हे त्याचे एक समर्थनीय कारण ठरू शकते.

परंतु लाओसमध्ये हे समर्थन फार काळ टिकत नाही. बॉम्ब पडत होते हे शत्रूला ठाऊक होते, गावकऱ्यांनाही ठाऊक होते. अंधारात होती ती प्रामुख्याने अमेरिकी जनता आणि तिचे बहुसंख्य लोकप्रतिनिधी. ऑक्टोबर १९६९ मध्ये सिनेटर स्टुअर्ट सायमिंग्टन यांच्या उपसमितीने बंद दाराआड सुनावणी घेतली, तेव्हा कोठे या युद्धाचा आवाका संसदेसमोर येऊ लागला. मार्च १९७० मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी लाओसमधील जमिनीवरील लढाईत एकही अमेरिकी मारला गेला नसल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच वृत्तपत्रांनी ते खोटे ठरवले.

उत्तरदायित्व नसलेले युद्ध वाढत जाते, हा लाओसचा धडा होय. नोव्हेंबर १९६८ मध्ये उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबली, तेव्हा मोकळी झालेली विमाने लाओसकडे वळवण्यात आली. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत ५ लाख ८० हजार उड्डाणांतून २० लाख टनांहून अधिक बॉम्ब या देशावर टाकले गेले. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमान, अहोरात्र, नऊ वर्षे. आणि देशाची लोकसंख्या तीस लाखांहूनही कमी! प्राचीन दगडी रांजणांसाठी प्रसिद्ध असलेल्या 'रांजणांच्या पठारा'वरील गावे ओस पडली. माणसे गुहांत राहू लागली. तेथून आलेल्या निर्वासितांच्या कहाण्या फ्रेड ब्रॅनफमन या अमेरिकी तरुणाने नोंदवल्या, म्हणून त्या जगाला कळल्या.

फेब्रुवारी १९७३ मध्ये व्हिएन्तिएन येथे शस्त्रसंधी झाली. मे १९७५ मध्ये लाँग टिएंगहून वांग पाओ यांना विमानाने हलवण्यात आले. त्यांचे हजारो अनुयायी मात्र धावपट्टीवरच राहिले. अनेकांनी मेकाँग नदी ओलांडून थायलंड गाठले आणि पुढे कॅलिफोर्निया, मिनेसोटा, विस्कॉन्सिन येथे नवे आयुष्य उभारले. अमेरिकेतील आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्या सहभागाची नोंद घेणारा स्मृतिफलक लागायला १९९७ साल उजाडावे लागले. लाओसमधील फू फा थी शिखरावरील रडार केंद्रात, कागदोपत्री खासगी कंपनीचा कर्मचारी म्हणून काम करताना मार्च १९६८ मध्ये प्राण गमावलेल्या रिचर्ड एच्बर्गर या हवाई दलातील तंत्रज्ञाला सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते २०१० मध्ये. गुप्ततेने शौर्यही गाडले जाते.

सर्वांत मोठी किंमत मात्र जमिनीतच दडून राहिली. लाओसवर टाकलेल्या सुमारे २७ कोटी छोट्या क्लस्टर बॉम्बांपैकी तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. चेंडूएवढ्या या बॉम्बांना तेथे 'बॉम्बी' म्हणतात. मुले खेळणे समजून ते उचलतात, शेतकऱ्याची कुदळ त्यांवर पडते. युद्ध संपल्यानंतर २० हजारांहून अधिक माणसे अशा स्फोटकांमुळे ठार वा जखमी झाली. हे बॉम्ब नेमके कोठे टाकले, याची हवाई दलाकडील माहितीही २००० च्या सुमारास खुली झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये बराक ओबामा हे लाओसला भेट देणारे पहिले विद्यमान अमेरिकी अध्यक्ष ठरले, आणि स्फोटके हटवण्यासाठी त्यांनी तीन वर्षांत ९ कोटी डॉलरची मदत जाहीर केली.

रेव्हन वैमानिकांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी आदेश पाळला, जीव धोक्यात घातला आणि मित्रसैनिकांना वाचवले. प्रश्न आहे तो त्यांना गणवेश उतरवायला लावणाऱ्या धोरणाचा. युद्धाला सामोरे जाणाऱ्या राष्ट्राने ते का, कोठे आणि किती काळ लढायचे, हे आपल्या नागरिकांना सांगायला हवे. ते सांगण्याची हिंमत नसेल, तर ते युद्ध लढण्याचा अधिकारही संशयास्पद ठरतो. विमानावरचे चिन्ह पुसता येते. त्या विमानाने मागे ठेवलेल्या खुणा पुसायला मात्र पिढ्या जाव्या लागतात.