एक गेट, एक वॉचमन!

विरार वेस्टच्या एखाद्या सोसायटीत विंग पाच असतील, पण वॉचमन बसतो एकाच गेटवर. 'कोणाकडे?' असं विचारणार, रजिस्टरमध्ये नाव लिहून घेणार, मग विंग दाखवणार. पीएचपीत साइट बनवणाऱ्यांचा फंडाही डिट्टो हाच!

रॅस्मस लर्डॉर्फने १९९५ मध्ये पीएचपी आणली. प्रत्येक पानाला एक फाइल, ही त्यातली सगळ्यात सोपी सवय. पण पानं चाळीस झाली की लॉगिनची तपासणीही चाळीस ठिकाणी लिहा. एका फाइलमध्ये राहून गेली, की ग्राहकांचा डेटा उघड्यावर!

उपाय? सगळ्या रिक्वेस्ट 'इंडेक्स डॉट पीएचपी'कडे वळवा. लॉगिन तिथेच तपासा आणि मग ऑर्डर, बिलिंग, रिपोर्ट अशा मॉड्यूलकडे पाठवा. वर्डप्रेसची वाचकांना दिसणारी पानंही अशीच येतात. मॉड्यूलच्या फाइल्स मात्र वेब फोल्डरच्या बाहेर ठेवा, नाहीतर मागच्या भिंतीवरून उडी आहेच. आणि अॅड्रेसमध्ये आलेलं नाव थेट इन्क्लूड करू नका. आधी ते तुमच्या यादीत आहे का, ते बघा.

नवं मॉड्यूल आलं? यादीत एक ओळ वाढवा. रविवारचा वसई किल्ल्याचा प्लॅन कॅन्सल करायची गरज नाही!