लाकूड पारखताना – भाग ५ : टेबल आडवं करून बघा

प्लायवूडवरचे ३०३ आणि ७१० हे आकडे कसे वाचायचे, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज अस्सल लाकडाच्या फर्निचरकडे वळू.

दुकानात शिरल्यावर आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सागवानच आहे ना?" प्रश्न रास्तच आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान गेलं, ते उगीच नाही. या लाकडाच्या गाभ्यात तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण त्याच ओंडक्याच्या बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला हा गुण नसतो. त्याला किडा लागतो. गडद पॉलिश मारलं की दोन्ही सारखीच दिसतात, आणि दुकानदार सागवान म्हणतो तेही खोटं नसतं. म्हणून पॉलिश न पोचलेल्या जागा शोधा : खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागची बाजू, फळीचं पोट, पायांचे तळ.

पण उत्तम लाकूड मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. हे मी पैसे मोजून शिकले. आमच्या जेवणाच्या टेबलाची वरची फळी पहिल्याच एप्रिलमध्ये, भर दुपारी, काडकन आवाज होऊन उभी चिरली. लाकूड अस्सल, सगळं गाभ्याचं. ओळखीचे सुतारकाका आले. त्यांनी चीर पाहिलीसुद्धा नाही. टेबल आडवं केलं आणि फळीच्या दोन्ही कडांना, खालच्या चौकटीतून घट्ट पिळलेले स्क्रू दाखवले. "वहिनी, बांधून घातलंय हो हिला. आकसायला जागा कुठाय?"

पावसाळ्यात घट्ट होणारं दार सगळ्यांच्याच घरात असतं. लाकूड हवेतला ओलावा घेऊन फुगतं, उन्हाळ्यात तो सोडून आकसतं. लांबीत हा फरक नगण्य असतो, जे काही घडतं ते रुंदीत. अडीच फूट रुंदीची सागवानी फळी ऑगस्ट ते एप्रिल या काळात पाच-सहा मिलिमीटर सहज कमी होते. तिला कुणी धरून ठेवलं तर ती फाटते. ती ताकद स्क्रू, गोंद कुणालाच आवरत नाही. जाणता सुतार म्हणून चौकटीत गोल भोक न पाडता लांबट भोक पाडतो, किंवा फळी सरकू देणाऱ्या पकडी लावतो. टेबल घेताना खाली वाकून एवढं बघाच, दुकानदाराला काय वाटेल याचा संकोच नको.

खणांचं थोडक्यात : कोपऱ्यात लाकडात लाकूड गुंतलेलं हवं. नुसत्या चुका किंवा स्टेपलच्या पिना दिसल्या तर किंमत कमी करायला सांगा.

कपाटाच्या दाराला मात्र वेळ द्या. चांगल्या कामात मधली फळी चौकटीच्या खाचेत कोरडीच बसवलेली असते, गोंद न लावता. ती आकसली की कडेला बिनपॉलिशची, सुतासारखी फिकट रेघ उघडी पडते. गिऱ्हाइकं ती बघून तक्रार करतात आणि कारागीर बिचारा रंग लावून ती झाकतो. माझ्या आजेसासूबाईंच्या कपाटाला ती रेघ दर मे महिन्यात दिसते आणि जुलै उजाडला की आत जाते.