बांधात पुरलेलं औषध कुठं जातं?

कापसाच्या फवारणीतून उरलेली, मुदत संपलेली, लेबल निघालेली औषधं घरात ठेवायची कुठं? लेकरांच्या हाती लागू नयेत म्हणून आपल्या जिंतूर भागात पुष्कळांनी ती बांधालगत खड्डा करून पुरली. हेतू चांगलाच. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही डबे फोडून वस्तीपासून दूर पुरा, असं सांगितलेलं आहे. पण रिकामा डबा वेगळा, भरलेली बाटली वेगळी.

"पंधरा वर्सं झाली साहेब, आता काय राहिलं असंल त्यात?" असं शिवारात विचारतात. ते औषधावर आहे. बीएचसी पावडरवर १९९७ साली बंदी आली. तिच्यात कीड मारणारा भाग शंभरात जेमतेम १५. उरलेल्यातलाच काही सर्वांत चिवट. ती पाण्यात फारशी विरघळत नाही, मातीला धरून राहते आणि चाऱ्यावाटे जनावराच्या चरबीत, दुधात उतरते. मोनोक्रोटोफॉसचं उलटं. ते पाण्यात लगेच मिसळतं. मातीत ते लवकर विघटतं खरं, पण बंद बाटलीत टिकून राहतं आणि बाटली फुटली की मोकळं होतं.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतून मुरमात आणि खडकाच्या फटींतून विहिरीकडं जातो. म्हणून काय नि किती पुरलं, विहीर उताराच्या अंगाला आहे का आणि ते पाणी कोण पितं, हे पाहावं. शेवटचं लोक विसरतात. सालगड्याचं बिऱ्हाड त्याच विहिरीवर असतं!

तारापूरला अणुवीज केंद्राचा किरणोत्सारी कचराही पुरतात, पण काँक्रीटच्या खंदकांत. भोवती बोअर घेऊन पाणी तपासत राहतात. भोपाळला तसं झालं नाही. युनियन कार्बाइडच्या आवारातला साठवलेला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पिथमपूरला नेऊन जाळला, पण जमिनीत मुरलेलं तिथंच आहे. आसपासच्या वस्त्यांचं भूजल कधीच बिघडलं.

पुरलेली जागा स्वतः उकरू नका. फुटलेल्या बाटलीची वाफ आणि धूळ अंगावर येते. तिथं खूण करा, चारा कापू नका, जनावर बांधू नका. जवळच्या विहिरीचं पाणी पिण्यास बंद ठेवा. उकळून, तुरटी फिरवून किंवा टीसीएल टाकून औषध जात नाही. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीतही ते दिसत नाही. नमुना देताना "कीटकनाशकाचा अंश तपासावा" असं अर्जात लिहा, आणि पुरलेल्या औषधाचं नाव आठवत असेल तर तेही.