टॅबची कळ आणि सकर्मक पर्याय

संगणकास शब्दांनीं लिहून दिलेली आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमास शेल म्हणतात. ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेला बॅश नांवाचा शेल १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. शब्द अर्धा लिहून टॅबची कळ दाबली कीं उरलेला भाग शेल पुरा करितो, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. २००० सालच्या २.०४ या आवृत्तीपासून कोणत्या आज्ञेपुढें काय सुचवावें हें ठरविणारें छोटें फंक्शन बॅशमध्यें कोणासही लिहितां येतें. शेल त्यास ओळींतील सर्व शब्द व चालू शब्दाचा क्रमांक कळवितो. फंक्शनानें सुचवावयाचे शब्द एका यादींत घालून परत द्यावयाचे, इतकेंच.

खरी कसोटी लागते ती पर्यायांपाशीं. आज्ञेपुढें आडवी रेघ देऊन जें अक्षर अगर शब्द लिहितात तो पर्याय. व्याकरणांतील धातूंप्रमाणें पर्यायही सकर्मक व अकर्मक असतात. फायलींची यादी देणाऱ्या एलएस या आज्ञेचा ‘-एल’ अकर्मक होय. यादी सविस्तर हवी, एवढेंच तो सांगतो. टार या आज्ञेचा ‘-एफ’ मात्र सकर्मक. त्याच्या मागून फायलीचें नांव आलेंच पाहिजे. म्हणून फंक्शनानें चालू शब्दाच्या आधीं त्याच्या मागचा शब्द पाहावा.

हा नियम मोडल्यास काय होतें तें पाहा. टार ही १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींतील आज्ञा. अनेक फायलींचा एक गठ्ठा बांधणें हें तिचें काम. एका विद्यार्थ्यानें ‘टार -सीएफ’ लिहून टॅब दाबली असें समजा. सी म्हणजे नवा गठ्ठा बांध, आणि एफ म्हणजे पुढील नांवाच्या फायलींत. येथें फंक्शनानें हातास येईल ती फाईल सुचविली, ‘निबंध’ हें नांव पुरें झालें, आणि मुलानें पुढें ‘चित्रें’ लिहून एन्टर दाबलें, तर निबंधाच्या जागीं चित्रांचा गठ्ठा बसतो. टार कांहीं विचारीत नाहीं. उलट सीच्या ठिकाणीं एक्स, म्हणजे गठ्ठा सोड, असेल, तर असलेले गठ्ठेच सुचविणें योग्य. एफ तोच, पण शेजारच्या अक्षरानें सूचना पालटते. सीपुढें मुळींच कांहीं न सुचविणें आम्हांस अधिक पसंत आहे. बोटांस थोडे श्रम पडतील, पण निबंध वांचेल.

अक्षरें जोडून लिहिण्यांतही एक खोंच आहे. ‘-सीएफ’ ठीक, परंतु ‘-एफसी’ लिहिल्यास सी हेंच एफचें कर्म होतें! फंक्शनानें जुडगा अक्षरशः वाचावा व पहिलें सकर्मक अक्षर भेटतांच थांबावें. लांब पर्यायांत कर्म बरोबरीच्या चिन्हानें जोडतात. बॅश त्या चिन्हापाशीं शब्द तोडून एकाचे तीन तुकडे करितो, तेव्हां मागचा शब्द म्हणून चिन्हच हातीं लागतें. अशा वेळीं आणखी एक घर मागें जावें. झेड-शेलांतील ‘अर्ग्युमेंट्स’ या तयार फंक्शनास कोणता पर्याय सकर्मक व कोणते दोन एकत्र चालत नाहींत याचा तक्ता दिला कीं पुष्कळसें काम तेंच करितें.

नुसत्या दोन आडव्या रेघा आल्या, कीं बहुतेक आज्ञांत पर्याय संपतात. ‘-आर’ अशा विचित्र नांवाची फाईल पुसावयाची झाल्यास आरएम या आज्ञेपुढें त्या रेघा देऊन मग नांव लिहावें लागतें. तेथून पुढें फंक्शनानें पर्याय सुचवूं नयेत, केवळ फायली सुचवाव्या.