जमा आणि नावे

बँकेच्या नोकरीत मला सर्वांत नकोसे वाटे ते काम म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याची पाहणी. १९८६ साली मी नवखा अधिकारी होतो. एका लहानशा फाउंड्रीला आमच्या शाखेने दिलेले कर्ज थकले होते आणि यंत्रे तारण होती. मूल्यांकन करणारे गृहस्थ भट्टीवर काठी आपटून म्हणाले, "साहेब, किलोच्या भावाने लिहा." मी लिहिले. दाराशी एक म्हातारा भट्टीवाला उभा होता. तो काहीच बोलला नाही.

त्याच वर्षी जर्मनीत, फ्रान्सच्या सरहद्दीलगत, झार नदीकाठच्या फोल्कलिंगन गावातल्या झोतभट्ट्या कायमच्या विझल्या. हे मला कळले फार उशिरा, निवृत्तीनंतर मुलीकडे गेलो तेव्हा. जावई म्हणाले, "बाबा, राजवाडे सगळेच बघतात. तुम्हाला एक बंद कारखाना दाखवतो."

कारखाना कसला, लोखंडाचे गावच ते! सहा झोतभट्ट्या ओळीने उभ्या आहेत. खनिज आणि कोक भरलेल्या टोपल्या टांगत्या रुळावरून चढण चढत २७ मीटर उंचीवर जात आणि भट्टीच्या तोंडात रिकाम्या होत. खालून तापलेल्या हवेचा झोत. ही हवा भरणारी अजस्र इंजिने चालत ती भट्टीतून निघालेल्या वायूवरच. काही वाया घालवायचे नाही, हा हिशेब पाहून माझ्यातला बँकवाला सुखावला.

या कारखान्याची सुरुवात मात्र बुडीत खात्याने झाली. १८७३ साली युलिउस बूख यांनी तो काढला आणि सहाच वर्षांत त्याला टाळे लागले. १८८१ मध्ये कार्ल रोशलिंग या कोळशाच्या व्यापाऱ्याने तो विकत घेतला आणि १८८३ मध्ये पहिली झोतभट्टी पेटवली. कोळसा झारच्या खाणींत होता, खनिज लक्झेंबर्ग आणि लोरेनमधून येई. १९६५ च्या सुमारास इथे १७ हजारांवर माणसे कामाला होती. पुढे सत्तरच्या दशकात पोलादाच्या धंद्यात मंदी आली आणि १९८६ ला शेवट झाला.

इथेही कोणी तरी किलोचा भाव काढलाच असणार. पण कारखाना मोडीत निघाला नाही. १९९४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेत त्या काळातला असा अखंड लोखंड कारखाना दुसरा उरलेला नाही. ही झाली जमेची बाजू.

आता दुसरी बाजू. दोन्ही महायुद्धांत मिळून १२ हजारांहून अधिक माणसांना इथे सक्तीने राबवले गेले. त्यांत युद्धकैदी होते, परदेशांतून धरून आणलेले स्त्री-पुरुष होते, मुलेसुद्धा होती. कामात कसूर केली म्हणून डांबायला दुसऱ्या महायुद्धात जवळच एट्झेनहोफेन येथे शिक्षाछावणी होती. तेव्हा कारखान्याचा प्रमुख होता कार्लचा मुलगा हेरमान रोशलिंग. फ्रेंच लष्करी सत्तेच्या न्यायालयाने १९४९ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. १९५१ मध्ये तो सुटलाही. गावातल्या एका वसाहतीला पुढे त्याचे नाव दिले गेले. खूप वादावादीनंतर २०१३ साली त्या पाटीवरून 'हेरमान' काढले. 'रोशलिंग' तसेच ठेवले.

मालकाचे नाव असे पाटीवर टिकले. मजुरांची नावे कुठे होती? कागदपत्रांत होती, बस्त्यांत बांधलेली. २०१८ साली क्रिस्तियाँ बोल्तान्स्की या फ्रेंच कलावंताने ती बाहेर काढली. अंधाऱ्या दालनात दप्तराच्या पेट्यांची उंच चळत आहे, मध्ये काळ्या कपड्यांचा ढीग, आणि कुजबुजत्या आवाजात एकेक नाव उच्चारले जाते. मी बराच वेळ ऐकत राहिलो. उच्चार ओळखीचे नव्हते, पण ती माणसांची नावे आहेत एवढे कळत होते. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने माझा हात धरला. बाहेर येईपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही.

आमच्या खतावणीत 'जमा' समोर 'नावे' असते. उभ्या नोकरीत मी तो शब्द हजारो वेळा लिहिला, पण त्याचा दुसरा अर्थ त्या दालनात पहिल्यांदा मनात आला. कारखाना जपणे चांगलेच. पण यंत्रांना तेलपाणी करायचे आणि माणसांचे पान चिकटवून टाकायचे, तर तो हिशेब खोटाच. फोल्कलिंगनने उशिरा का होईना, ते पान उघडले.

परतताना मला माझा १९८६ चा अहवाल आठवला. त्यात प्रत्येक यंत्राचा क्रमांक मी नीट लिहिला होता. दाराशी उभ्या असलेल्या त्या भट्टीवाल्याला मात्र मी नाव विचारले नव्हते.